थंडीने कापलेले कान

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
१३ जानेवारी १८६७

बाबा, आणि बाबांना हे वाचून दाखवणारे गॉसेटमामा,

आधी मामांशी बोलून घेतो. तुमच्या दुकानातल्या शेगडीभोवती आत्ता कोण कोण बसलंय ते मला इथून दिसतंय. पत्र बाबांचं आहे, पण बाबांना अक्षर येत नाही आणि टपाल तुमच्याच फळीवर येतं, तेव्हा सगळं बकहॉर्न गाव ऐकणार हे धरूनच लिहितो. खोकला आला तर थांबा, पाणी प्या, पण ओळ गाळू नका.

बाबा, मी जिवंत आहे. दोन वर्षं पत्र टाकलं नाही, कारण सांगण्यासारखं काही हाती लागलं की ते पुरं व्हायच्या आत मी दुसऱ्या गावाला गेलेलो असे. मधे मी विजेच्या सळ्या विकत होतो. छपरावर सळी बसवायची, वीज आली की ती सळीतून जमिनीत जाते, कोठार वाचतं. माझा मालक गोड बोलायचा, मी शिडी धरायचो. डिकेटरजवळ एका शेतकऱ्याच्या कोठारावर आम्ही सळी बसवली आणि पुढच्या वादळात शेजारच्याचं कोठार जळालं. शेजाऱ्याचं, ज्यानं सळी घेतलीच नव्हती! तरी तो आमच्याच मागे लागला. म्हणे, तुमच्या सळीनं वीज माझ्याकडे ढकलली. मालक एका दिशेला पळाला, मी दुसऱ्या. माझ्या दिशेला स्प्रिंगफील्ड होतं.

राजधानी म्हणजे काय असेल असं तुम्हाला वाटतं? डुकरं, बाबा. विधानसभेचे दगडी खांब आहेत ना, त्यांना अंग घासत डुकरं उभी असतात, आणि आमदार त्यांना वळसा घालून आत जातात. रस्त्याच्या कडेनं फळ्यांची पायवाट केली आहे. तिच्याखाली, चौकाच्या अगदी समोर, क्विगलीबाईंची डुकरीण ऐन जानेवारीत व्याली. सात पिलं. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

त्या डुकरिणीमुळेच मला राहायला जागा मिळाली. मी फळीवर पालथा पडून फटीतून पिलं मोजत होतो, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पत्र्याच्या डब्यातून मक्याची लापशी घेऊन आले. काळा कोट, पण बुटांना चरबी चोपडलेली. मला म्हणाले, "पोरा, बाजूला सर, तिचं जेवण थंड होतंय." मागून खाणावळीच्या दारातून क्विगलीबाई ओरडल्या, "माझी लापशी आवडत नसेल तर तोंडावर सांगा ना! डुकराला कशाला घालता?" गृहस्थ म्हणाले, "बाई, डुकरीण तुमची, लापशी तुमची. मी नुसता मधला हमाल."

त्यांच्या खोलीत मी जमिनीवर झोपतो. भले आहेत. नाव विचारलं होतं, विसरलो.

तुमचा
लिअँडर


स्प्रिंगफील्ड
२७ जानेवारी १८६७

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. मामांचं अक्षर सुंदर आहे आणि मजकूर मोजका: "बाबा म्हणाले, ठीक आहे. आणि चरबी चोपडलेल्या बुटांचा तो म्हातारा कोण?"

तुम्ही ओळखलंत. झेडॉक काकाच ते. आपल्या जिल्ह्यानं त्यांना निवडून दिलं हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं, शपथ घ्यायला सांगाल तर घेतो. त्यांनी मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. म्हणाले, "तू पालथा पडून डुकरं बघत होतास. असं बघणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिलाय, आणि त्याला मी खांद्यावर वाढवलंय."

शेगडीला लाथ मारू नका. पुढचं ऐका. ऐकायचं नसेल तर मामा मनात वाचतील आणि इतरांना सांगतील, म्हणजे कानावर येईलच.

ज्या शेगडीपाशी तुम्ही हे ऐकताय तिथेच तुम्ही दोघं तुटलात, हे मी विसरलेलो नाही. मी दहा वर्षांचा होतो, पिठाच्या पोत्यावर बसलो होतो. डिसेंबरात तुम्ही पाच डुकरं मारली आणि रीतीप्रमाणे कानांसकट मुंडकी दुकानात दाखवायला आणलीत. काकांनी एकेक कान उचलून बघितला. दोन्ही कानांची टोकं गेलेली, उजव्या कानाला खाच. मोकळ्या रानात डुक्कर कुणाचं ते कानावरच्या खुणेनंच कळतं; खाच आणि वर टोकंही कापलेली, ही काकांची खूण. तुमची खूण नुसती खाच, कान पुरा. तुम्ही म्हणालात, "दादा, टोकं थंडीनं गेली." आणि काका म्हणाले, "थंडी हातात सुरी घेऊन हिंडते काय? चोर तो चोर, वर थंडीवर ढकलतोस?" सगळं दुकान हसलं. तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत.

पण बाबा, मी या माणसासोबत राहतोय, आणि डोळ्यांना दिसतं ते लिहिणार. इथल्या बहुतेक आमदारांना रेल्वेनं फुकटचा पास दिलाय. काका तिकीट काढून आले. मी विचारलं तर म्हणाले, "तिकीट काढलं की खिडकी माझ्या मर्जीनं उघडता येते." बाकीचे बाकावर पाय टाकून तंबाखू थुंकतात, काका प्रत्येक विधेयक ओठ हलवत वाचतात. बोट ओळीवर. तिशीपर्यंत त्यांनाही अक्षर येत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. पर्मेलिया काकू मक्याची साल जाळून त्या उजेडात बायबल वाचायच्या, आणि काकांना त्यांचा हेवा वाटायला लागला. "नवराबायकोत तिला एकटीला शेवट माहीत, हे मला सोसेना," म्हणतात. शिकले. मग कुंपणं तपासणारे पंच झाले, मग रस्त्याचे मुकादम, मग लोकांचे तंटे सोडवायला बसले, आणि आता इथे. त्यांच्या मेजाच्या खणात बियाण्याचं एक कणीस आहे. भाषणं लांबली की त्यावरून अंगठा फिरवतात.

आणि त्यांनी मला ओढ्याची गोष्ट सांगितली. टेनेसीहून येताना ओहायो नदी ओलांडली आणि पुढे एका भरल्या ओढ्यात बैल बिथरले. तुम्ही सहा वर्षांचे, एकोणीस वर्षांच्या काकांच्या खांद्यावर, काखेत कोंबडी. पाणी काकांच्या हनुवटीला लागलं तरी तुम्ही कोंबडी सोडली नाहीत. तिनं काकांचा डावा कान ओरबाडला, त्याचा वण अजून आहे. मला कान पुढे करून दाखवला. "बरेलनं माझ्यावर केलेली खूण," म्हणाले, आणि मग एकदम बूट शोधायला लागले. बूट पायातच होते.

त्यांच्या विधेयकाचं तुम्हाला कळलंच असेल. डुकरं मोकळी सोडायची नाहीत, ज्याचं जनावर त्यानं कोंडायचं. आत्तापर्यंत उलट आहे, पिकवाल्यानं कुंपण घालायचं आणि डुक्करवाल्यानं रानात सोडायची. विधेयक मंजूर झालं तर ओकच्या रानात तुमचं काय उरेल ते मला कळतं. मी काकांना म्हटलंही. ते म्हणाले, "वरच्या माळावर कुंपणाला लाकूड नाही रे. तिथल्या माणसानं मका लावायचा की डुकरांमागे पळायचं?" याचं उत्तर तुमच्यासाठी ठेवलंय. तुम्हाला सुचेल.

त्यांनी विधेयकावर भाषण केलं, छान झालं. मधे एक गोष्ट सांगितली, सभागृह खूप हसलं. ती गोष्ट इथे लिहीत नाही, हात दुखतोय.

इथे जीवघेणी थंडी पडली होती. दौतीतली शाई गोठली. फळीखालची पिलं जगली, फक्त कान सुजून काळे पडलेत. क्विगलीबाई म्हणतात, "मी पण अशी रस्त्यावर झोपले असते तर माझेही पडले असते."

लिअँडर


स्प्रिंगफील्ड
९ फेब्रुवारी १८६७

बाबा,

मामांनी लिहिलंय की वर्तमानपत्र बकहॉर्नला पोचलं. भाषण त्यांनी वाचून दाखवलं, तुम्ही उठून बाहेर गेलात, आणि तुमची पिठाची पिशवी दुकानात तशीच राहिली. ती पिशवी मला सारखी दिसते.

तर आता लिहितोच. वर सज्जात बसून मी ते ऐकलं. काका म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मोकळं रान माणसाला काय शिकवतं ते मी माझ्या घरात पाहिलंय. माझ्या एका जवळच्या नातलगानं माझ्या खुणेची डुकरं मारली, आणि विचारलं तेव्हा म्हणाला, कान थंडीनं कापले!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. माळावरचे एक आमदार आहेत मॅकॉर्डल, काकांच्या बाजूचे, ते तर मेज बडवत होते. नाव घेतलं नाही. पण आपल्या जिल्ह्यात नाव घ्यायची गरज कुणाला आहे?

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, "काका, बाबांनी खोटं सांगितलं नव्हतं."

"तू लहान होतास."

"लहान होतो म्हणून बाबा चोर?"

"मी कान पाहिलेत, लिअँडर. माझ्या हातात होते. चाळीस वर्षं मी कान कापतोय."

"आमच्या डुकरिणी भर थंडीतही व्यायच्या. तुमच्याकडे जानेवारीत पिलं होतात का कधी?"

ते म्हणाले, "माझ्याकडे? मी नर वेगळा बांधतो. माझी पिलं एप्रिलात होतात, ऊन पडल्यावर. जानेवारीत पिलं होऊ देणारा शेतकरी तो कसला शेतकरी?"

एवढं बोलून झोपायला गेले. मी मात्र सामान बांधायला घेतलं. सामान म्हणजे एक सदरा आणि एक सळी. पण जायचं कुठे ते ठरेना, आणि सकाळी क्विगलीबाईंनी धिरडी केली होती, तेव्हा थांबलो.

आता मंगळवारचं. सकाळी विधानसभेची घंटा झाली, सगळे आत गेले. आतून हजेरीत काकांचं नाव पुकारल्याचं ऐकू आलं, पण उत्तर नाही. मी बघतो तर काका चौकाच्या चिखलात गुडघ्यावर, चांगल्या कोटासकट, आणि मांडीवर एक पिलू. पिलू किंचाळतंय, खालून त्याची आई फळीला धडका देतेय, आणि काका त्याच्या कानावर अंगठा फिरवतायत. त्या कणसावर फिरवतात तसा.

कानांची काळी टोकं गळून पडली होती. दोन्हीकडची. खाली कड जवळजवळ सरळ, भरत आलेली. सातातल्या पाचांचं तसंच.

काकांनी मला जवळ बोलावलं. "हे बघ," म्हणाले. मी पाहिलं. "वर्षभरानं हे कान दुप्पट होतील. कड आणखी भरेल. मग तुला ओळखता येईल का, सुरी की थंडी?"

मी म्हटलं, "नाही."

"मलाही नाही आलं." त्यांनी पिलाचा कान पुन्हा चाचपला. "तो बिचारा मला सांगत होता रे. दादा म्हणून सांगत होता. आणि मी इतकी नीट शेती करत होतो की मला हे कधी दिसलंच नाही."

मग क्विगलीबाई आल्या. "आमदारसाहेब, तुमचं काम आत आहे ना? की आता इथेच सभा भरवताय?" काकांनी पिलू त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, हे पिलू मला विकाल? पण दूध सुटेपर्यंत आईपाशीच राहू द्या."

बाबा, खुणा वाटून घेतल्या तेव्हाचंही ते बोलले. खाच आजोबांची, दोघांनी ठेवायची. घोटाळा नको म्हणून एकानं टोकंही कापायची. ती खूण त्यांनी स्वतःकडे घेतली, कारण पिलू किंचाळलं की तुम्ही सुरी खाली टाकायचात. मला हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

पिठाची पिशवी घरी न्या.

लिअँडर


स्प्रिंगफील्ड
२० फेब्रुवारी १८६७

बाबा, मामा, आणि शेगडीभोवतीचे सगळे,

हे पत्र मोठ्यानं वाचा.

विधेयकावर आज मतं पडायची होती. कालपर्यंत सगळे म्हणत होते, निसटत्या का होईना, पण होतंय मंजूर. मॅकॉर्डल काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "प्रूइट, पुढच्या खेपेला तुम्ही वरच्या सभागृहात! तुमची ती कानांची गोष्ट माझ्या मतदारांनी भिंतीला चिकटवली आहे." काका म्हणाले होते, "हलक्या हातानं चिकटवली असेल तर बरं." ती लवकरच उतरवावी लागणार आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

मी सज्जात पुढच्या रांगेत बसलो. शेजारच्या माणसाच्या खिशात खार होती, पाळलेली, ती सारखी माझ्या बाहीत शिरत होती. त्याबद्दल नंतर लिहीन, फार गमतीची होती.

काका उठले. हातात काही नव्हतं, कणीससुद्धा नाही.

"अध्यक्ष महाराज, मतं घेण्याआधी मला माझ्या भाषणातली एक गोष्ट परत घ्यायची आहे."

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सभासदांनी आकडा चुकीचा दिला होता का?"

"नाही, माणूस चुकीचा दिला होता."

थोडं हसू झालं. काका थांबले. मग त्यांनी माळावरच्यांना कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन भाऊ, दोन खुणा, खाच दोघांची, टोकं एकाची. थंडीत झालेली पिलं. चौकातली डुकरीण. मग म्हणाले, "मी ज्याला नातलग म्हणालो तो माझा सख्खा धाकटा भाऊ बरेल प्रूइट. त्यानं माझं एकही जनावर कधी घेतलेलं नाही. त्यानं खरं सांगितलं आणि मी त्याला भर दुकानात चोर म्हटलं. नंतर तेच या सभागृहात म्हटलं, आणि तुम्ही टाळ्या दिल्यात. त्या टाळ्या मला परत करायच्या आहेत. ती गोष्ट छापणाऱ्यांनी हीसुद्धा छापावी."

मॅकॉर्डल उठून पुटपुटले, पण सगळ्यांना ऐकू आलं: "अहो, एका डुकरासाठी सगळं बुडवता का?"

काका वळले. "पाच डुकरं होती. आणि एक भाऊ."

"पण विधेयक? विधेयकाचं काय?"

"विधेयक चांगलं आहे. त्याला चोरीच्या गोष्टीची काठी लागत असेल तर त्याचे पाय कच्चे आहेत. त्या गोष्टीशिवाय मत द्या."

मागच्या बाकावरून कुणीतरी डुकरासारखं ओरडलं. मोठा हशा झाला. काका खाली बसले नाहीत. हशा संपेपर्यंत उभे राहिले, मग नमस्कार केल्यासारखी मान लववली आणि बसले. बाबा, मी खूप माणसं बघितली आहेत, सळ्या विकताना तर सगळ्या तऱ्हेची. शंभर माणसं हसत असताना असा उभा राहिलेला मी एकच बघितला.

नावं पुकारली. रानातल्या जिल्ह्यांतले जे चार-पाच विधेयकाकडे झुकले होते ते फिरले. विधेयक पडलं. तुमची डुकरं मोकळी आहेत.

आता जे गाळावंसं वाटतंय तेच लिहितो. "प्रूइट" पुकारल्यावर काकांनी "हो" म्हटलं. स्वतःच्या विधेयकाला मत दिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, हे कशाला? 'नाही' म्हटलं असतं तर बाबांना किती बरं वाटलं असतं!"

ते म्हणाले, "तुझ्या बापाला मी चोर म्हटलं, ती माझी चूक. माळावर लाकूड नाही, ही माझी चूक नाही. एकाची भरपाई दुसऱ्यात केली तर बरेल मला ओळखणार नाही." मग म्हणाले, "माझ्यावर विश्वासच ठेवणार नाही. ठेवू नये."

मॅकॉर्डल आता त्यांच्याशी बोलत नाहीत. संध्याकाळी जेवताना क्विगलीबाईंनी काकांच्या ताटात मोठा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, "मी काही राजकारण समजत नाही. पण आज डुकरिणीला माझ्या हातानं घालीन, तुम्ही खा."

लिअँडर


स्प्रिंगफील्ड
२८ फेब्रुवारी १८६७

बाबा,

आज विधानसभा संपली. आमदार पिशव्या घेऊन निघाले, अर्धे तर पेरणीच्या काळजीनं निरोपही न घेता. काका आणि मी अजून आठवडाभर इथेच आहोत, कारण पिलू अजून आईचं पितंय. क्विगलीबाई म्हणतात, दूध पिणाऱ्या डुकरासाठी खोली अडवणारा आमदार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, भाडं मात्र माणसाचंच घेणार.

तुमच्याकडून उत्तर आलं नाही. मामांनी एवढंच लिहिलं की तुम्ही मागचं पत्र दोनदा वाचायला लावलंत आणि पिशवी घेऊन गेलात. काकांना मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "पिशवी खांद्यावर टाकली की काखेत धरली?" आता हे मामा कसं लिहिणार? मी म्हटलं, काखेत. त्यांना कोंबडी आठवली असणार, हसले.

मेजावर बोटानं टिचक्या मारत काका शेजारी बसलेत. आता ते सांगतात आणि मी लिहितो. स्वतः लिहू शकतात, पण म्हणाले, "तू लिही, माझ्या अक्षरात मी नेहमीच बरोबर असल्यासारखा दिसतो." मामा, इथून पुढे उभं राहून वाचा.

"बरेल. शनिवारी, नऊ मार्चला, दुपारी लोक बाजाराला येतात तेव्हा मी गॉसेटच्या दुकानात येईन. जिथे उभा राहून तुला चोर म्हणालो तिथेच उभा राहीन आणि ते खोटं होतं असं सांगेन. विधानसभेत सांगितलं, पण तिथे तुला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा ते सोपं होतं. तू आलास तर तुला सांगेन. नाही आलास तर शेगडीला सांगेन, पण सांगेन. पर्मेलिया गेली तेव्हा तू लांब कुंपणापाशी टोपी काढून उभा होतास, ते मी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. डुकरांच्या कायद्यावर मी अजून तुझ्या विरुद्ध आहे. ते विधेयक मी पुन्हा आणीन, निवडून दिलं तर. त्यावरून आपण मरेपर्यंत भांडू. पण समोरासमोर बसून भांडू."

इथे ते थांबले. मी विचारलं, "आणखी काही?" तर म्हणाले, "पिलाचं सांग."

पिलाचं असं आहे, बाबा. टोपलीत घालून रेल्वेनं आणतोय, तिकीट काढून. पाचांपैकी ज्याच्या कानांची टोकं सगळ्यात सरळ गेलीत ते निवडलंय. उजव्या कानाला खाच नाही. मी म्हटलं, "काका, मी कापू का खाच? म्हणजे आल्या आल्या सगळ्यांना दाखवता येईल." काकांनी माझा हात धरला. "ती मी कापणार नाही आणि तूही नाही. पिलू बरेलचं आहे. दुकानात, सगळ्यांसमोर, तो स्वतःच्या सुरीनं खाच कापेल. कापली की त्याच्या मालकीचं जनावर हुबेहूब माझ्या खुणेचं दिसेल. मग त्या दिवशी जो जो हसला होता त्यानं कान हातात घेऊन सांगावं, डुक्कर कुणाचं. पहिला मी सांगतो."

सुरीला धार लावून ठेवा. पिलू किंचाळेल, तुम्हाला सोसत नाही हे आता मला माहीत आहे, पण एवढं एकदा करा. मीही येतोय. राहीन की पुन्हा कुठे जाईन ते आत्ता विचारू नका, पण शनिवारी नक्की येतोय. पिलू धरायला मी लागणारच. काका म्हणाले होते हे लिहू नकोस, पण हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पेल्यातलं पाणी प्यायला घेतलं आणि अर्धं कोटावर सांडलं. आता बाहीनं कोट पुसतायत, बाबा. मामा, ही एक ओळ हळू वाचा.

लिअँडर